उरलेले चार दिवस

“आता उरलेले चार दिवस निवांत घालवा,” असं कामातून मोकळं होणाऱ्या माणसाला सगळेच सांगतात. मलाही सांगितलं. माझ्या बाबतीत हा हिशोब तंतोतंत जुळला. सोमवार, मंगळवार, बुधवार मी काम करते. गुरुवार ते रविवार हे चार दिवस खरोखरच उरतात.

३१ वर्षं मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं. प्रोग्राम लिहिणारे वेगळे, तो कुठे मोडतो हे शोधणारे वेगळे. मी दुसऱ्या गटातली. ५८ पूर्ण झाल्यावर कंपनीशी बोलून तीन दिवसांवर आले. पगार घटला, पदनाम गेलं, आणि कुठलाही फॉर्म भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी हात अडखळायला लागला. तिथे ‘नोकरी’ असतं आणि ‘निवृत्त’ असतं, मधलं काही नसतं. निवृत्तीच्या वयाची ही रेघ तशी फार जुनीही नाही. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला तेव्हा पेन्शनचं वय ७० ठेवलं होतं. १९१६ मध्ये ते ६५ वर आलं. ज्याचं शरीर यंत्रासमोर झिजलं त्याला म्हातारपणी आधार असावा, हा त्यामागचा विचार होता. त्या माणसासाठी काम आणि विश्रांती यांच्यामध्ये एकच सरळ रेघ पुरत असेल. माझं काम डोळ्यांचं आणि चिकाटीचं. डोळे थकले आहेत, चिकाटी तशीच आहे.

पहिले काही महिने मी कपाटं आवरली, जुने फोटो लावले, राहून गेलेल्या लोकांना फोन केले. मग एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा विझला.

तो दिवा विझायचा आणि पुन्हा लागायचा. नोकरीच्या दिवसांत मी त्याच्याखालून वर्षभर गेले असेन, कधी लक्ष गेलं नाही. आता खिडकीत बसून मोजायला वेळ होता. पेटल्यावर दहा-अकरा मिनिटं नीट जळायचा, मग विझायचा, चारेक मिनिटं अंधार, मग पुन्हा मंद लालसर होत पेटायचा. नगरपालिकेच्या पोर्टलवर तक्रार केली: ‘दिवा बंद आहे.’ दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘पाहणी केली. दिवा सुरू आहे. तक्रार निकाली.’

हे वाक्य मी आयुष्यभर वाचत आले आहे. आमच्या धंद्यात प्रोग्रामर लिहितात, “आमच्याकडे असं होत नाही.” आणि त्यांच्याकडे खरंच होत नसतं. पाहणीला आलेला माणूस दिवा पेटलेला असतानाच पोचला असणार. तो खोटं बोलला नव्हता. मी अर्धवट लिहिलं होतं. म्हणून नवी तक्रार टेस्टरने लिहावी तशी लिहिली: खांबाचा क्रमांक, काय व्हायला हवं, प्रत्यक्षात काय होतं, तीन संध्याकाळच्या पेटण्या-विझण्याच्या वेळा, आणि शेवटी एक ओळ, ‘कृपया निदान वीस मिनिटं थांबावे.’ पाचव्या दिवशी माणूस आला, थांबला, आणि वर बघत म्हणाला, “दिव्याचं वय झालंय, मॅडम.” सोडियमचा दिवा म्हातारा झाला की असंच करतो. तापेल तसा पेटतं राहायला लागणारा विद्युतदाब वाढत जातो. तो चोकच्या आवाक्याबाहेर गेला की दिवा विझतो, आणि गार झाला की पुन्हा पेटतो.

दिवा मात्र लगेच बदलला नाही. देखभालीचा ठेका संपला होता आणि नव्या ठेक्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेसमोर होता. सभा गुरुवारी होती. मी गेले.

सभागृहात लोकांना बसण्यासाठी मागे तीन बाकं होती. त्या दिवशी आम्ही चौघं होतो. विषयपत्रिकेवर २३ विषय. पहिले १४ विषय नऊ मिनिटांत संपले: सचिव क्रमांक वाचत, कुणीतरी “मंजूर” म्हणे, पुढचा क्रमांक. दिव्यांच्या देखभालीचा ठेका त्या नऊ मिनिटांतच होऊन गेला, मला कळेपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता. मग एका रस्त्याला कुणाचं नाव द्यायचं यावर पाऊण तास चर्चा झाली. माझ्या शेजारचे गृहस्थ वैतागून उठून गेले. मला वैताग आला नाही, ओळखीचं वाटलं. प्रकल्पाच्या बैठकांमध्येही हेच व्हायचं. ज्यावर प्रत्येकाला मत देता येतं त्यावर सगळे बोलतात. ज्यासाठी आधी शंभर पानं वाचावी लागतात त्यावर शांतता असते.

सभा संपल्यावर आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला जिन्यात गाठलं. “एवढे विषय एका दमात कसे मंजूर होतात?” मी विचारलं. ती तिशीतली मुलगी, हातात दोन फोन. म्हणाली, “काकू, तीनशे पानांचा गठ्ठा सभेच्या तीन दिवस आधी मिळतो. त्या तीन दिवसांत पाणी आलं नाही म्हणून सत्तर फोन येतात. तुम्हीच सांगा, आधी काय करू?” मी काही सांगू शकले नाही. पाणी आधीच येणार. पण घरी येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: तिच्याकडे तीन दिवस असतात आणि ते दुसऱ्यांचे असतात, माझ्याकडे चार असतात आणि ते माझे आहेत. तो गठ्ठा कुणीतरी वाचायला हवा. वाचणं हेच तर माझं काम होतं.

कागद मिळणं हीच एक मोठी गोष्ट आहे, हे मला तेव्हा पुरतं ठाऊक नव्हतं. सरकारी दप्तर सामान्य माणसाने पाहावं आणि छापावं, असा हक्क स्वीडनने १७६६ मध्ये कायद्याने दिला. अमेरिकेत माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा बरोबर २०० वर्षांनी, १९६६ मध्ये झाला. भारतात माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला. पिढ्यान् पिढ्या लोक ज्यासाठी झगडले ते माझ्यासमोर एका क्लिकवर होतं: विषयपत्रिका, मागच्या सभांची इतिवृत्तं, अंदाजपत्रक. फाइल उघडली, ‘मैदान’ हा शब्द शोधायला टाकला. उत्तर आलं, ‘शून्य निकाल’. समोर पानावर तो शब्द मला दिसत होता.

पानं स्कॅन केलेली होती. पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला तो एवढ्यासाठी, की पान कुठल्याही यंत्रावर उघडलं तरी तसंच्या तसं दिसावं. ते वचन पीडीएफ पाळतं. पण ‘दिसणं’ आणि ‘वाचता येणं’ या वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकावर टाइप केलेला कागद आधी छापायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग स्कॅन करून फाइल चढवायची, या प्रवासात अक्षरांचं चित्र होतं. त्या चित्रात शोधता येत नाही, बेरीज करता येत नाही. कुणाच्या मनात लपवायचं नसलं तरी झाकलं जातंच.

चित्रातली अक्षरं ओळखून पुन्हा मजकूर करून देणाऱ्या प्रोग्रामला ओसीआर म्हणतात. मी वापरते त्याचं नाव टेसरॅक्ट. त्याची गोष्ट मला जवळची वाटते. एचपी कंपनीत १९८०च्या दशकाच्या मध्यापासून १९९४ पर्यंत तो घडला, १९९५ मधल्या एका चाचणीत चांगल्या प्रोग्रामांच्या पंक्तीत बसला, आणि मग बाजूला ठेवला गेला. दहाएक वर्षं पडून राहिला. २००५ मध्ये कंपनीने तो सगळ्यांसाठी खुला केला, पुढे गूगलने त्यावर काम करवून घेतलं, आणि आज असंख्य भाषांतली पानं तो वाचतो. चुका करतो; पाचाचा सहा करतो, एकाचा नऊ. म्हणून मी प्रत्येक रकान्याची बेरीज करून छापील बेरजेशी ताडून बघते. जुळली नाही की मूळ पानावर जाऊन बोट ठेवून वाचते. एका अंदाजपत्रकाला मला तीन आठवडे लागले. नोकरीत असते तर तीन आठवडे कुणाकडे मागितले असते?

यानंतर जे घडलं ते लिहायचं टाळत होते. पण ते टाळून या विषयावर लिहिण्यात अर्थ नाही.

मोकळ्या जागांची एक यादी दरवर्षी सभेपुढे येते. मी मागच्या वर्षीची आणि या वर्षीची, दोन्ही ओसीआरमधून काढल्या आणि ‘डिफ’ चालवलं. डिफ हा दोन मजकुरांतला फरक दाखवणारा साधा प्रोग्राम, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेला, १९७४ पासून युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर येतो. जुनी ओळ वजाच्या खुणेसह, नवी अधिकच्या खुणेसह, एवढंच दाखवतो. एकूण ४१ ठिकाणी फरक निघाला. ३८ ठिकाणी काना-मात्रेच्या, जागा सुटल्याच्या चुका. दोन ठिकाणी क्षेत्रफळाची दुरुस्ती. आणि एके ठिकाणी, पाण्याच्या टाकीशेजारच्या जागेपुढे, वजा: ‘खेळाचे मैदान’. अधिक: ‘मोकळी जागा’.

रात्रीचे अकरा वाजले होते. नवरा म्हणाला, “उद्या सकाळी पुन्हा वाच, मग काय ते कर.” मी थांबले नाही. प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही पानांचे फोटो टाकले आणि लिहिलं, ‘टाकीजवळचं मैदान गुपचूप यादीतून काढलं आहे. पुरावा सोबत.’

पुरावा ‘यादीत शब्द बदलला’ एवढ्याचाच होता. ‘गुपचूप’ हा शब्द माझा होता.

सकाळी उठले तर दीडशेच्या वर संदेश. कुणी बिल्डरचं नाव घेत होतं, कुणी मोर्चाची वेळ ठरवत होतं. फोटोतल्या पानाच्या तळाशी तपासणाऱ्या कर्मचाऱ्याची सही होती. कुणीतरी त्या सहीवरून नाव शोधलं, नावावरून फोन नंबर. दुपारपर्यंत त्या बाईंना अनोळखी लोकांचे फोन सुरू झाले होते. ‘किती मिळाले?’ असं विचारणारे. मी ग्रुपवर लिहिलं, ‘कृपया वैयक्तिक फोन करू नका.’ ते कुणी वाचलंही नाही. तीस वर्षांत मी हजारो दोष नोंदवले, पण कधीही ‘हा दोष अमक्याने मुद्दाम केला’ असं लिहिलं नाही. तो आमच्या कामाचा पहिला धडा होता: काय दिसलं ते लिही, का झालं ते विचार. तो धडा माझ्याकडून एका रात्रीत सुटला, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

गुरुवारी त्यांच्या कार्यालयात गेले. नगररचना विभागात कोपऱ्यातलं टेबल. माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या, चष्म्याला दोरी. समोर उघडी नोंदवही आणि ओळीखाली धरलेली एक स्टीलची पट्टी. पट्टीवरचे सेंटीमीटरचे आकडे झिजून गेले होते. मी नाव सांगितलं.

“तुम्हीच का त्या?”

“हो. माफी मागायला आलेय.”

त्या काही क्षण बोलल्या नाहीत. मग समोरची खुर्ची रिकामी केली. “बसा. यादी आणली आहे का सगळी? शेवटपर्यंत?”

माझ्याकडे माझी काढलेली प्रत होती. त्यांनी स्वतःची फाइल उघडली आणि परिशिष्ट तीन काढलं. या वर्षीपासून यादीचा नमुना बदलला होता. मुख्य यादीत सगळ्याच जागांना ‘मोकळी जागा’ हा एकच प्रकार लिहायचा होता, आणि ती जागा मैदान आहे की बाग की आणखी काही, हे परिशिष्टात आडव्या तक्त्यात दिलेलं होतं. टाकीजवळची जागा तिथे होती. ‘खेळाचे मैदान’, पूर्वीइतकंच क्षेत्रफळ. बाकीच्या जागांचाही प्रकार मुख्य यादीत बदलायला हवा होता, तो बदलायचा राहून गेला होता. म्हणून माझ्या डिफमध्ये एकच जागा उठून दिसली. आणि आडवं पान माझ्या ओसीआरला वाचताच आलं नव्हतं. त्याने त्या पानाचं जे काही केलं होतं ते मी ‘कचरा’ म्हणून पुसून टाकलं होतं.

म्हणजे दोष होता. त्यांच्या यादीत थोडा, माझ्या तपासणीत बराच.

“तुम्ही आधी विचारलं असतंत तर दहा मिनिटांचं काम होतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी उठायला लागले तेव्हा त्यांनीच थांबवलं. “एवढं सगळं वाचता ना तुम्ही? मग नीट वाचा. मैदान कागदावरून कुठे जात नाही. जागेवर जाऊन बघितलंत कधी?”

बघितलं नव्हतं. त्यांनी अंदाजपत्रक उघडलं, पट्टी एका ओळीखाली ठेवली आणि मला रकाने समजावले. प्रत्येक ओळीत सगळ्यांत उजवीकडे पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. वर्तमानपत्रात तोच येतो, भाषणांत तोच येतो. त्याच्या अलीकडे चालू वर्षाचा मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज. आणि सगळ्यांत डावीकडे, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. मैदानांच्या देखभालीच्या ओळीत उजवीकडे दरवर्षी आकडा होता, आणि थोडा थोडा वाढत होता. डावीकडे शून्य. त्यांनी मागच्या दोन वर्षांची अंदाजपत्रकं काढली. शून्य, शून्य.

“पैसे गेले कुठे?”

“गेले नाहीत कुठे. वर्षाच्या शेवटी पुनर्विनियोजन होतं. या शीर्षावर खर्च झाला नाही, त्या शीर्षावर कमी पडतंय, मग इकडचे तिकडे. सभेची मंजुरी असते. विषयपत्रिकेच्या शेवटच्या पानांवर असतं, बघा तुम्ही.”

मी बघितलं होतं. त्या पानांचीही बेरीज केली होती. जुळली, म्हणून पुढे गेले होते.

त्या संध्याकाळी मैदानावर गेले. झोपाळ्याच्या दोन साखळ्यांपैकी एक तुटलेली, दुसरीला फळी लटकलेली. घसरगुंडीच्या पत्र्याला खाली भोक, त्यात मुलांनी पोतं कोंबलेलं. कुंपणाच्या जाळीचा एक भाग उखडलेला आणि तिथूनच आत जायची वाट. तिथे सात-आठ मुलं क्रिकेट खेळत होती. मैदान होतं. कुणी काढलं नव्हतं. कुणी सांभाळलंही नव्हतं. ‘गुपचूप’ असं त्यात काहीच नव्हतं. सगळं तीन वर्षं उघड्यावर, छापील पानावर, सर्वांच्या संमतीने चाललं होतं.

पुढच्या सभेत नागरिकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत मी आधी त्या बाईंची नाव न घेता जाहीर माफी मागितली, आडव्या पानाची चूक सांगितली, आणि उरलेल्या वेळात डावीकडचे तीन शून्य वाचून दाखवले. तेच ग्रुपवरही लिहिलं. मोर्चाच्या संदेशाला शंभरावर अंगठे आले होते. या संदेशाला नऊ आले. त्या नऊ जणांपैकी चौघं आज माझ्याबरोबर गुरुवारी बसतात.

त्या दिवसांत मी प्राचीन अथेन्सबद्दल वाचत होते, आणि एक गोष्ट वाचून पुस्तक मिटवून बसून राहिले. तिथे लष्करी सेवेच्या यादीतलं शेवटचं वर्ष म्हणजे वयाचं साठावं वर्ष. त्या वर्षी पुरुष नागरिकाने लवाद म्हणून काम करायचं, खासगी दाव्यांत दोन्ही बाजू ऐकून तडजोड करायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर निकाल द्यायचा. सबळ कारणाशिवाय नकार दिला तर नागरिकाचे हक्क जात. स्त्रियांना, गुलामांना, बाहेरून आलेल्यांना या सगळ्यात जागा नव्हती, हे विसरून चालणार नाही. पण उतारवयाच्या तोंडाशी असलेल्या माणसाला ‘आता तू मोकळा’ असं न म्हणता ‘आता तू शांतपणे ऐकू शकशील’ असं म्हणणारी ती व्यवस्था होती. लवादाचा निकाल मान्य नसेल तर दोन्ही बाजूंचे पुरावे वेगवेगळ्या मडक्यांत घालून, तोंड बांधून, मोहोर करून ते न्यायालयात जायचे. तिथे मडक्यात होतं तेवढंच चालायचं. नवीन काही नाही. मी तेव्हा ५९ची होते. माझ्या मडक्यात दोन फोटो होते, आणि ‘गुपचूप’ हा शब्द मी मडक्याला मोहोर लावल्यावर बाहेरून घातला होता.

गुरुवारी आम्ही वाचनालयाच्या एका टेबलावर बसतो. एक निवृत्त शिक्षक, एक बाई ज्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, कॉलेजातली एक मुलगी, एक अर्धवेळ काम करणारा सुतार, आणि मी. पानं वाटून घेतो. फरक दिसला की वहीत तीन रकाने: काय दिसलं, कुठल्या पानावर, कुणाला विचारलं. तिसरा रकाना भरल्याशिवाय कुठेही काही टाकायचं नाही, हा नियम मी केला आहे आणि तो मोडू देत नाही.

कॉलेजच्या मुलीला एवढी चिकाटी पटत नाही, आणि तिचंही काही चुकत नाही. “मावशी, तीनशे पानं एआयला द्या, दहा ओळींत सांगेल,” ती म्हणते. आम्ही दिली. दहा ओळी छान आल्या, वाचायला सोप्या. पण कुठली ओळ कुठल्या पानावरून आली ते कळेना, आणि पुनर्विनियोजनाचा तक्ता त्यात नव्हताच. आता आम्ही प्रत्येक वाक्यापुढे पान क्रमांक मागतो आणि ते पान उघडून बघतो. सारांशाने वाट दाखवावी, चालायचं आपणच. जर्मनीत २००५ च्या संसदीय निवडणुकीत काही ठिकाणी मतदानाची संगणकीय यंत्रं वापरली गेली होती. त्याविरुद्ध एका राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या भौतिकशास्त्रज्ञ मुलाने दाद मागितली. मार्च २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने म्हटलं की मतदानाचे महत्त्वाचे टप्पे आणि निकालाची मोजणी विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळून पाहता आली पाहिजे. त्या यंत्रांचा वापर या कसोटीला उतरला नाही. यंत्रांत गडबड झाल्याचं आढळलं नव्हतं, हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. बरोबर असणं पुरेसं नाही. साध्या माणसाला बरोबर आहे की नाही ते बघता यायला हवं. मी आयुष्यभर यंत्रांची बाजू जाणते आणि तरी हे मनापासून मानते.

तक्रारींच्या पोर्टलबद्दलही माझं म्हणणं याच जातीचं आहे. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ सुरू केलं. तिथे तक्रार नकाशावर सगळ्यांना दिसते, आणि काही आठवड्यांनी तक्रार करणाऱ्यालाच विचारलं जातं: दुरुस्त झालं का? आमच्या कामातही दोष ज्याने नोंदवला त्यानेच तो बंद करायचा अशी रीत होती. ज्याने दुरुस्ती केली त्यानेच ‘निकाली’ म्हणायचं, ही रीत माझ्या दिव्याच्या बाबतीत बघितली. हा बदल करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, एक बटण दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. तशी लेखी सूचना दिली आहे. अजून उत्तर नाही, मी महिन्यातून एकदा आठवण करते.

आणि ज्यांच्या हातात बटणच नाही त्यांचं काय? अमेरिकेत बॉस्टन शहराने २०१२ मध्ये ‘स्ट्रीट बम्प’ नावाचं अ‍ॅप आणलं. गाडीत ठेवलेला फोन धक्का मोजून खड्डा कळवायचा. कल्पना सुंदर. पण फोन आणि गाडी जिथे जास्त, तिथलेच खड्डे जास्त दिसणार, असा धोका अभ्यासकांनी दाखवून दिला. आमच्या टेबलावरच्या सुताराने हे वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं: त्याच्या वस्तीतून पोर्टलवर वर्षभरात एकही तक्रार नाही. “आमच्याकडे सगळं ठीक आहे म्हणून नाही, मॅडम. ओटीपी दुसऱ्याच नंबरवर जातो म्हणून.” मग एका शनिवारी आम्ही वह्या घेऊन तिथे गेलो. दोन तासांत १९ तक्रारी लिहिल्या. खांबाचे क्रमांक, वेळा, मोजमापं. एका आजींनी हात धरून नेलं आणि गटाराचं तुटलेलं झाकण दाखवलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या घराचा जुना दरवाजा आडवा टाकला होता, कडीसकट. पोरं पडू नयेत म्हणून. ते झाकण कुठल्याच नकाशावर नव्हतं.

चार दिवस असे जातात. सगळे सभेत आणि कागदांत जात नाहीत. शुक्रवार मी कुणाला देत नाही, झोपते, चालते, बहिणीकडे जाते. डोळ्यांना आता मोठा टाइप लागतो. बुधवारी संध्याकाळी कार्यालयाचा संगणक बंद करताना पूर्वी सुटीचा आनंद व्हायचा. आता पाळी बदलल्यासारखं वाटतं.

नगररचनेतल्या त्या बाईंकडे अधूनमधून जाते. जुळलं नाही ते विचारते. त्या कधी रागावतात, कधी नोंदवही पुढे सरकवतात. परवा मीही एक स्टीलची पट्टी घेतली.

यंदाच्या अंदाजपत्रकात मैदानांच्या ओळीत उजवीकडे नेहमीसारखाच आकडा आहे. आमच्या नगरसेविकेने त्यावर पहिल्यांदाच प्रश्न विचारला, पान क्रमांक देऊन, आणि वर्षअखेर ती रक्कम सभेत चर्चा झाल्याशिवाय वळवायची नाही असं इतिवृत्तात नोंदवून घेतलं. झोपाळ्याची साखळी अजून तुटलेलीच आहे. हा पैसा खरंच खर्च झाला की नाही ते डावीकडच्या रकान्यात दिसायला वर्ष संपावं लागेल, हिशेब पूर्ण व्हावा लागेल, मग त्यापुढचं अंदाजपत्रक छापून यावं लागेल. तेव्हा मी ६१ वर्षांची असेन. वहीच्या शेवटच्या पानावर तो महिना लिहून ठेवला आहे, आणि त्याखाली ओळीचा क्रमांक.